नऊ व्होल्टच्या 10 बॅटऱ्या: मायनस कुठे जोडायचा?

बॅटरीवर चालणाऱ्या जुन्या व्हॉल्व्ह रेडिओसाठी 9 व्होल्टच्या 10 बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडून 90 व्होल्ट मिळवायचा उपाय सुचवला जातो, तो अगदी बरोबर. पण त्यासोबत 'फिलामेंटच्या (व्हॉल्व्हमधल्या तापणाऱ्या तारेच्या) सेलचा आणि 90 व्होल्टचा मायनस एकत्र करून चॅसीला (रेडिओच्या धातूच्या सांगाड्याला) द्या' असा सल्लाही मिळतो, ते मात्र कृपया करू नका. 1आर5, 1टी4, 1एस5, 3एस4 हे व्हॉल्व्ह वापरणाऱ्या बऱ्याच सेटमध्ये हे दोन मायनस मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. त्यांच्यामध्ये काहीशे ओहमचा रेझिस्टर असतो आणि एचटीचा (म्हणजे 90 व्होल्टच्या पुरवठ्याचा) 10 मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह त्यातून गेल्यावर जो व्होल्टेज ड्रॉप होतो, तोच 3एस4 च्या ग्रिडचा (व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरणाऱ्या जाळीचा) सुमारे उणे 7 व्होल्ट बायस, म्हणजे तिला कायम दिलेले व्होल्टेज. मायनस एकत्र केले की बायस शून्य! रेडिओ वाजतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. आवाज मात्र फाटतो, बॅटऱ्या भराभर उतरतात आणि 3एस4 ची एमिशन (इलेक्ट्रॉन सोडण्याची क्षमता) अकाली संपते. बायस बरोबर असूनही आवाज फाटत असेल, तर 1एस5 च्या प्लेटकडून 3एस4 च्या ग्रिडला जाणारा जुना कागदी कपॅसिटर गळतोय (त्यातून डीसी झिरपतोय) असे समजा आणि तो आधी बदला.

एचटी पहिल्यांदा जोडताना सगळे व्हॉल्व्ह काढून ठेवा. 1आर5, 1टी4, 1एस5 च्या सॉकेटवर पिन 1 आणि 7 मध्ये मीटर लावा. फक्त दीड व्होल्ट दिसला पाहिजे. नंतर व्हॉल्व्ह बसवून पहिल्या चाचणीपुरता एचटीच्या प्लसमध्ये 2.2 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर ठेवा. कुठे शॉर्ट असला तरी प्रवाह 41 मिलिअँपिअरवर थांबतो आणि 50 मिलिअँपिअरची फिलामेंट वाचते.