अंदमानात शिडाच्या बोटीवर तीन आठवडे: इंजिन, नांगर, पाणी यांची तयारी कशी करावी?

वैनगंगाकाठ (पवनी)

जानेवारीत आम्ही चौघं अंदमानात एका खाजगी शिडाच्या बोटीवर तीन आठवडे फिरणार आहोत. बोट ३४ फुटी, पाण्यात दीड मीटर बुडते. २७ एचपीचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, डिझेलची टाकी ११० लिटर, पाण्याची २५० लिटर. शिडाचं काम मालक पाहील. इंजिन, पंप अन् नांगर माझ्याकडे.

शेतीपंपाचं, ट्रॅक्टरचं इंजिन खोलून बसवता येते. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावरच्या डोंग्यांचे आउटबोर्डही (मागे लावायची इंजिनं) दुरुस्त करता येतात. पण खाऱ्या पाण्याचा अन् प्रवाळाचा अजिबात गंध नाही. विचारायचं हे: विहिरीवरच्या इंजिनापेक्षा बोटीच्या इंजिनात वेगळं काय बिघडते अन् कोणते पार्ट इथूनच न्यावे? नांगर टाकताना काय चुकते? किराणा नागपूरहून न्यायचा का तिथेच घ्यायचा? अन् रेंज नसेल तिथे सॅटेलाइट फोन भाड्याने घेतला तर चालते का?

खारं डिझेल

इंजिन तेच आहे भाऊ. एअर काढणं, नोझल, टॅपेट, सगळं तुमच्या हातातलं. पण पंपाच्या इंजिनाची एक सवय बोटीवर इंजिन मारते, ती आधी सोडा: चालू होत नाही म्हणून स्टार्टर मारत राहणं.

बोटीच्या तळाला समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक असतो, सीकॉक. तिथून पाणी रबरी इम्पेलरच्या (पात्यांच्या चाकाच्या) पंपाने हीट एक्स्चेंजरमधून, म्हणजे इंजिन थंड करणाऱ्या भागातून, जातं आणि शेवटी सायलेन्सरच्या पाइपात सोडलं जातं. इंजिन चालू असलं की धूर ते पाणी मागे ढकलून बाहेर टाकतो. नुसतं स्टार्टरवर फिरत असलं की पंप पाणी ओततच राहतो, पण ढकलायला धूर नसतो. सायलेन्सर भरतो, पाणी उलटं चढून एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून दहा-दहा सेकंदांचे दोन-तीन प्रयत्न फसले की सीकॉक बंद करा आणि मग दोष शोधा. इंजिन पेटलं की लगेच सीकॉक उघडायचा, कारण इम्पेलरला पाण्याचंच वंगण असतं. कोरडा फिरला तर मिनिटाभरात त्याची पाती जळतात. विसरू नये म्हणून सीकॉक बंद केला की इंजिनाची किल्ली त्याच्याच हँडलला अडकवून ठेवायची.

चालू झाल्यावर पहिली नजर मीटरवर नाही, मागच्या एक्झॉस्टवर. पाणी पचक-पचक पडलं पाहिजे. आवाज कोरडा झाला, पांढरी वाफ दिसली की समुद्राचं पाणी आत येतं तिथली गाळणी पाहा. जेलीफिश नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली सापडते. गाळणी साफ असेल तर इम्पेलर. त्याचं एखादं पातं तुटलेलं दिसलं तर नवा बसवून मोकळे होऊ नका. तुटलेला तुकडा एक्स्चेंजरच्या तोंडाशी बसलेला असतो, तो काढल्याशिवाय तापणं थांबत नाही.

आता डिझेल. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने घाम धरतो, ते पाणी तळाला बसतं. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे जंतू वाढून काळा चिकट गाळ होतो. बोट शांत असली की तो तळाशीच असतो, लाटांनी हलली की वर येऊन फिल्टर बंद करतो. म्हणजे इंजिनाची खरी गरज असते तेव्हाच ते बंद पडतं. उपाय: टाकी शक्यतो भरलेली ठेवा, पहिल्या फिल्टरच्या वाटीतलं रोज सकाळी थोडं काचेच्या बरणीत काढून पाहा. कॅनमधून आणलेलं डिझेल रात्रभर ठेवून वरचं ओता, तळाचे दोन लिटर टाकीत घालू नका. मलमलने कचरा अडतो, पाणी अडत नाही. पाणी अडवणारी जाळीची चाडी (नरसाळं) मिळते, ती घ्या.

२२०० आरपीएमला तासाला अडीच लिटर आणि ५ नॉट (तासाला ५ सागरी मैल) धरा. ११० लिटरमधला तिसरा हिस्सा राखीव ठेवला तर सुमारे २९ तास, म्हणजे १४५ सागरी मैल. श्रीविजयपुरम (पोर्ट ब्लेअर) ते स्वराज द्वीप (हॅवलॉक) वीस-बावीस मैलांच्या आसपास आहे, त्यामुळे डिझेलची तंगी नाही. स्वच्छ डिझेलची आहे.

न्यायचं सामान: इम्पेलर ३ आणि त्याचे गॅस्केट, बेल्ट २, पहिल्या फिल्टरचे १० मायक्रॉनचे एलिमेंट ५, इंजिनावरचे फिल्टर २, एअर काढायच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर मूठभर, एक्स्चेंजरमधल्या जस्ताच्या पेन्सिली ३, ऑइल ५ लिटर (हे तिथेच घ्यायचं) आणि फिल्टर. होज क्लॅम्प घेताना स्क्रूला लोहचुंबक लावून पाहा. पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साधा असा माल बाजारात फार आहे. स्क्रू गंजला की क्लॅम्प गेला. हार्डवेअरच्या दुकानातला पितळी नळ किंवा जीआय निप्पल पाण्याखालच्या जोडाला कधीही नाही. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं, पितळ गुलाबी पडतं आणि बोटाने चुरतं. तिथे ब्रॉन्झच. आणि प्रत्येक सीकॉकशेजारी मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधलेली हवी.

भरती ओहोटी

नांगराचं तुम्हाला समजावणं सोपं आहे, शब्दही तोच आणि काम तेच. ओढ जमिनीला आडवी असली की फाळ घुसतो, वरच्या बाजूला ओढलं की उपटतो. साखळी लांब सोडायची ती यासाठी.

चूक होते हिशेबात. खोलीमापक ६ मीटर दाखवतो, साखळी खोलीच्या पाच पट म्हणून ३० मीटर सोडतात. पण ओहोटीला पाहिलेलं पाणी भरतीला वाढतं; अंदमानात अमावस्या-पौर्णिमेला सुमारे दोन मीटरने. शिवाय बोटीचं पुढचं टोक पाण्यावर एक मीटर. म्हणजे ६ + २ + १ = ९, त्याच्या पाच पट ४५ मीटर. तीसच सोडली असेल तर रात्री दोनला तुम्ही जेमतेम सव्वातीन पटीवर उभे असता.

या मापाच्या बोटीला १५-१६ किलोचा नांगर आणि ८ मिलिमीटरची साखळी. ती मीटरला सुमारे दीड किलो भरते. नांगर टेकल्यावर साखळीचा ढीग त्यावर ओतू नका; बोट मागे सरकत जाईल तशी सोडा. मग रिव्हर्समध्ये हळूहळू १८०० आरपीएमपर्यंत न्या आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा, जवळचं झाड आणि मागचा खडक, एका रेषेत धरा. रेषा मोडली नाही तर नांगर धरला. शेवटी मास्क लावून उतरून डोळ्यांनी पाहा. साखळीचा झटका विंडलासवर (साखळी ओढायच्या रहाटावर) येऊ देऊ नका. १२-१४ मिलिमीटरची ८-१० मीटर नायलॉन दोरी साखळीला अडकवून भार तिच्यावर घ्या, ती ताणते.

टाकायचं फक्त वाळूत. प्रवाळात टाकला की वारा फिरल्यावर साखळी खडकाला वेढे घेते, ४५ मीटरची पाच होते आणि लाटेला झटके खाते. प्रवाळ मोडतो तो वेगळाच. तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे.

पाण्याचा रंग वाचायला सूर्य उंच आणि पाठीशी हवा. फिकट हिरवट-निळं म्हणजे वाळू, तपकिरी-पिवळट म्हणजे प्रवाळ, गडद निळं म्हणजे खोल. पोलराइज्ड चष्म्याशिवाय हे दिसत नाही. पुस्तकात वेळ दहा ते दोन अशी असते, पण अंदमानात घड्याळ आपलंच आणि सूर्य भंडाऱ्यापेक्षा सुमारे ५० मिनिटं पुढे. जानेवारीत साडेअकराच्या आतच तो डोक्यावर येतो आणि सव्वापाचच्या सुमारास मावळतो. म्हणून नव्या जागी नऊ ते एकच्या दरम्यान पोचायचं. इथल्या सवयीने चार वाजता पोचलात तर पश्चिमेकडे जाताना समोर नुसता चकाकणारा आरसा असतो.

नकाशाबद्दल एक. २००४ च्या भूकंपात बेटं कलली: उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा मीटरभर वर आला, दक्षिणेकडे पोर्ट ब्लेअर भागात जमीन खचली. त्याआधीच्या मोजणीवरच्या नकाशातली उथळ पाण्याची खोली मीटरभर इकडेतिकडे असू शकते. तुमची बोट दीड मीटर बुडते, एवढ्यावरून समजून घ्या.

दर्यावर्दी नागपुरी

वरच्या पाच पटीला माझा थोडा विरोध. ते शांत रात्रीसाठी. ढग काळे दिसले आणि मागे जागा असली तर सात पट सोडा. अन् शेजारच्या बोटीचा नांगर साखळीऐवजी दोरीवर असेल तर ती वेगळी झुलते, तिचा घेर मोजून थांबा.

दुसरं, जानेवारीत वारा ईशान्येचा, त्यामुळे आडोसा बेटांच्या पश्चिमेला. स्वराज द्वीपचा राधानगर किनारा त्याच बाजूला आहे. पण हाच नियम मोठ्या बेटांना लावून दक्षिण आणि मध्य अंदमानच्या पश्चिम किनाऱ्याला शिरू नका, तो मोठा भाग जारवा आदिवासींचं राखीव क्षेत्र आहे. नॉर्थ सेंटिनेल बेटाच्या भोवती ५ सागरी मैल बंदी. १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमनाखाली थेट गुन्हा होतो, ‘वाऱ्याने वाहत गेलो’ हे कोणी ऐकत नाही. जीपीएसमध्ये या हद्दी आखून अलार्म लावा. निकोबारचा विचारच नको. स्वराज द्वीप ज्यात येतं त्या रिचीज द्वीपसमूहातली बरीच बेटं राणी झाँसी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतात, तिथे उतरायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढा.

खारफुटीच्या खाडीच्या तोंडाशी डुंबायला उतरू नये. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत.

कोठीघर (तुमसर)

पाणी: पिणं-स्वयंपाक माणशी ४ लिटर, चौघांचे रोजचे १६. २५० लिटर पंधरा दिवस पुरतात, एकवीस नाही. २० लिटरचे चार कॅन वेगळे भरा, ८० लिटर वाढले की वीस दिवस झाले. कॅन वेगळे ठेवायचं खरं कारण दुसरं आहे: टाकी खराब झाली किंवा फटीतून गळाली तर सगळं पाणी एकदम जाऊ नये. शंका येणाऱ्या पाण्यात ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, वास नसलेलं, १०० लिटरला १० मिलिलिटर घालून अर्धा तास थांबायचं. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटचा हात गोड्या पाण्याचा. भातात मीठ न घालता सहावा हिस्सा समुद्राचं पाणी घातलं की चव बरोबर येते, पण ते किनाऱ्यापासून दूरचं हवं.

किराणा तिथेच घ्या. डाळ, पीठ, तेल सगळं मिळतं. भाजी शहीद द्वीपवर (नील) चांगली पिकते. इथून फक्त तिथे न मिळणारं न्या: आपलं तिखट, मुगवड्या, जवसाची चटणी (छोट्या हवाबंद डब्यांत, नाहीतर उष्म्याने तेलकट वास मारते), तेलातलं लोणचं. एचएमटी तांदळाशिवाय भात गोड लागत नसेल तर चौघांना बारा-तेरा किलो पुरतो. तांदूळ कडक उन्हात वाळवून दोन लिटरच्या बाटल्यांत भरा. गूळ दमट हवेने पाझरतो, साखर न्या. पापड तिसऱ्या दिवशी चामडं होतात. पुठ्ठ्याचे खोके बोटीवर चढवू नका, झुरळांची अंडी त्यांच्या घड्यांत येतात; सगळं धक्क्यावरच मोकळं करा.

गॅस. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात दारातून निघून जातो, बोटीत तळाशी साचून राहतो आणि पंपाच्या ठिणगीने भडका उडतो. वास ओट्यापाशी नाही, फरशीपाशी वाकून घ्यायचा. सिलिंडर ५ किलोचे दोन, बाहेर निचरा होणाऱ्या खणात. स्वयंपाक झाला की शेगडीचं बटण आधी बंद करायचं नाही; सिलिंडरचा कॉक बंद करून नळीतला गॅस जळू द्यायचा, मग बटण. तळण चालत्या बोटीवर अजिबात नाही. कुकर मात्र हवाच, उलटला तरी झाकण बसलेलं असतं.

खारं डिझेल

सॅटेलाइट फोनचं उत्तर राहिलं. घेऊ नका. थुराया, इरिडियम भारतात बेकायदा आहेत, छोटे सॅटेलाइट मेसेंजरसुद्धा. विमानतळावरच अटक होते. इनमारसॅटला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. त्याऐवजी २५ वॅटचा व्हीएचएफ रेडिओ चॅनेल १६ वर सतत चालू, आणि डिंगीत (बोटीसोबतच्या छोट्या होडीत) जाताना ५ वॅटचा हातातला. अँटेना डोलकाठीच्या टोकाला असेल तर तशाच दुसऱ्या बोटीशी पंधरा-वीस मैल बोलणं होतं, हातातल्याने तीन-पाच. रेंज असेल तिथून तटरक्षक दलाचा नंबर १५५४. नोंदणी केलेला ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन (संकटाचा इशारा उपग्रहाकडे पाठवणारं यंत्र) बोटीवर आहे का आणि त्याच्या बॅटरीची मुदत कधी संपते, हे मालकाला आजच विचारा.

वैनगंगाकाठ (पवनी)

खूप काम झालं. सीकॉकला किल्ली अडकवायचं तं इथूनच पाठ केलं. एकच राहिलं: डिंगीला ५ एचपीचा टू-स्ट्रोक आउटबोर्ड आहे. तो तं गोसीखुर्दवरच्यासारखाच वागंल नं? अन् इंजिनाचे पार्ट विमानात नेता येतात का?

खारं डिझेल

जवळपास तसाच. मिश्रण ५०:१ असेल तर लिटरला २० मिलिलिटर ऑइल, पण आधी टाकीवरचं लेबल वाचा. फरक बंद करण्यात आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते दमट हवेतलं पाणी ओढतं. नुसतं उभं राहिलं की कार्बोरेटरच्या तळाशी पाणी सुटू शकतं आणि जेट चोंदतं. म्हणून रात्री बंद करताना बटण दाबायचं नाही, पेट्रोलची नळी काढून स्वतः बंद पडेपर्यंत चालवायचा. पंख्याच्या शिअर पिना चार जास्त ठेवा, प्रवाळाला घासला की पहिली तीच तुटते, आणि पक्कड डिंगीतच दोरीने बांधलेली असू द्या. रात्री आउटबोर्ड वर उचलून ठेवा. पेट्रोलचा कॅन केबिनमध्ये नाही.

इम्पेलर, बेल्ट, नवे कोरे फिल्टर विमानाच्या सामानात जातात. ऑइल आणि गॅस नाही; पेट्रोल लागलेला जुना पार्टही नाही. ऑइल तिथेच घ्या. पाने आणि स्क्रूड्रायव्हर चेक-इनमध्ये, पॉवरबँक हातातल्या बॅगेत. फार जड असेल तर नागपूर, बल्लारशाहवरून चेन्नईला रेल्वेने आणि पुढे जहाजाने. समुद्रात तीनेक दिवस लागतात, जहाजाच्या तारखा बदलतात, म्हणून आठवडाभर हाताशी ठेवून निघा.