ओएसपीएफमध्ये बाकीच्या राउटरांची प्रायॉरिटी शून्य ठेवावी का?

धागाकर्ता :
ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना मार्गांची माहिती देण्याची पद्धत) वापरणारे अनेक राउटर एकाच इथरनेट सेगमेंटवर (सामाईक जोडणीवर) असतील, तर डीआर (सर्वांच्या वतीने माहिती पसरवणारा मुख्य राउटर) आणि बीडीआर (त्याचा राखीव) कोण होणार हे आपणच ठरवून द्यावे, असे माझे ठाम मत आहे. दोन सक्षम राउटर निवडावेत आणि उरलेल्या सर्वांची प्रायॉरिटी (या निवडीतला प्राधान्याचा अंक) शून्य करावी. नुसती मोठी संख्या देऊन भागत नाही, कारण एकदा निवड झाली की नंतर आलेला राउटर २५५ प्रायॉरिटी घेऊन आला तरी आधीच्या डीआरला हटवत नाही. वीज जाऊन परत आली की लहान राउटर लवकर सुरू होतात, ४० सेकंदांच्या नेहमीच्या प्रतीक्षेत त्यांना कोणी डीआर दिसत नाही, ते आपसांत निवड उरकतात आणि मुख्य राउटर काही मिनिटांनी उठतो तेव्हा शेजाऱ्यांच्या यादीत त्याच्या ओळीत ‘डीआर-अदर’ (डीआरही नाही, बीडीआरही नाही) असे दिसते. शून्यवाला राउटर मात्र कधीच उमेदवार नसतो.

प्रतिसाद १ :
हा आग्रह महागात पडू शकतो. निवडलेले दोघे बहुधा एकाच रॅकमध्ये, एकाच यूपीएसवर असतात. ते एकदम बंद पडले, तर उरलेले सगळे एकमेकांचे हॅलो (‘मी इथे आहे’ असे सांगणारे संदेश) ऐकत टू-वे अवस्थेत (नुसती ओळख, माहितीची देवाणघेवाण नाही) अडकून राहतात आणि केबल व स्विच धडधाकट असूनही त्या सेगमेंटवर एकमेकांकडून एकही रूट शिकत नाहीत. शिवाय डेटा डीआरमधून जात नाही, त्याच्याकडे असते ते एलएसए (जोडण्यांची माहिती देणारे संदेश) पसरवण्याचे काम, आणि ते आजचा साधा राउटरही सहज पेलतो. मग अनपेक्षित डीआरची एवढी धास्ती कशाला?

प्रतिसाद २ :
दोनच राउटर असतील तर हा वाद उद्भवतच नाही. इंटरफेस पॉइंट-टू-पॉइंट (फक्त दोघांमधला दुवा) करावा, निवडच होत नाही.

धागाकर्ता :
दोघे एकदम बंद पडण्याचा मुद्दा मान्य आहे. तिसऱ्या, वेगळ्या यूपीएसवरच्या राउटरला १ द्यावी, इतपत बदल मी करेन. पण हब-अँड-स्पोक पद्धतीच्या (मध्ये एक हब राउटर आणि फक्त त्याच्याशी जोडलेले स्पोक राउटर) एनबीएमए नेटवर्कमध्ये (अनेक राउटरांचे, पण एक संदेश सर्वांना एकदम न पोहोचणारे जाळे) स्पोक एकमेकांपर्यंत थेट पोहोचत नाहीत. तिथे एखादा स्पोक डीआर झाला, तर बाकीचे स्पोक त्याच्याशी अ‍ॅडजसन्सी (माहितीच्या देवाणघेवाणीचे पूर्ण नाते) करूच शकत नाहीत. तिथे शून्याला पर्याय नाही.

प्रतिसाद १ :
हब-अँड-स्पोकबद्दल दुमत नाही. इथरनेटवर मात्र मी दोघांना १०० आणि ९० देईन, बाकीच्यांना १ राहू देईन, आणि भलताच राउटर डीआर झाल्यास देखभालीच्या वेळेत त्यावरची ओएसपीएफ प्रक्रिया पुन्हा सुरू करेन. हे एका फेरीत होत नाही, एवढे ध्यानात ठेवावे : डीआर हटताच प्रायॉरिटी न पाहता बीडीआर त्याच्या जागी बसतो, १०० वाला फक्त बीडीआर होतो, आणि या नव्या डीआरची प्रक्रियाही पुन्हा सुरू केल्यावरच तो डीआर बनतो.