आयोवातील मक्याच्या शेतात प्रेअरीचे पट्टे असावेत का?

धागाकर्ता: अमेरिकेतल्या आयोवा राज्याची ९९ टक्क्यांहून अधिक मूळ प्रेअरी, म्हणजे उंच गवताफुलांचे माळरान, नांगराखाली गेली आणि तिने घडवलेली काळी माती आता पावसागणिक वाहून चालली आहे. आयोवा स्टेट विद्यापीठाने २००७ पासून नील स्मिथ अभयारण्यातल्या उताराच्या शेतांत केलेल्या प्रयोगात, शेताचा केवळ दहावा हिस्सा प्रेअरीच्या गवताफुलांना दिला तेव्हा वाहून जाणारी माती सुमारे ९५ टक्क्यांनी घटली. जूनमधल्या एका जोरदार पावसानंतर मी असा पट्टा जवळून पाहिला आहे. मक्याच्या ओळींतून आलेले गढूळ पाणी पट्ट्याच्या कडेला थबकले होते, गवताचे ताठ दांडे आडवे झाले नव्हते आणि त्यांच्या बुडाशी बोटभर गाळ साचला होता. हे पट्टे सर्वत्र व्हावेत, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ (असहमत): माती अडते हे मान्य आहे, पण आयोवात निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने कसली जाते. जो दरवर्षी पूर्ण क्षेत्राचा खंड भरतो, त्याने दहावा हिस्सा कोणाच्या जिवावर सोडायचा? शिवाय सपाट भागात निचऱ्यासाठी जमिनीत पाइप पुरलेले असतात. नत्र त्या पाइपांतून पट्ट्याखालून थेट ओढ्यात जाते. बियाण्याचीही खात्री नसते. २०१६ मध्ये आयोवात संवर्धनासाठी पेरलेल्या बियाण्याबरोबर माठाच्या कुळातले पामर हे चिवट तण अनेक ठिकाणी शिरले आणि त्याचा त्रास शेजाऱ्यांनाही झाला.

प्रतिसाद २ (सहमत): पाइपांचा मुद्दा खरा आहे, त्यामुळे हे पट्टे नदीतल्या नत्रावरचा पूर्ण इलाज ठरू शकत नाहीत. पण उतारावरच्या ज्या तुकड्यात बी आणि खतही वसूल होत नाही, तेथे पट्टा घेतला तर नुकसान कितीसे होणार? अमेरिकेच्या २०१८ च्या शेती कायद्याने या पट्ट्यांना सरकारी संवर्धन योजनेत स्थान दिले असून त्यासाठी वार्षिक मोबदला मिळतो. आपल्याकडे वीतभर बांध कोरण्यावरून भावकी तुटते. म्हणून जमीन सोडणे किती जड जाते, हे मला कळते आणि मोबदल्याशिवाय ते कोणाकडूनही मागू नये.

प्रतिसाद १: ते करार दहा ते पंधरा वर्षांचे असतात. मक्याचा भाव चढला असताना करार संपला, तर मालकाला तोच पट्टा नांगरण्यापासून कोण अडवणार? याचे उत्तर मिळाले, तर माझा विरोध बराच मवाळ होईल.