सुपरवायझर झालोय पण हात मशीनवरनं सुटत नाही, काय करू?

भोसरीचा_सेटर
मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. भोसरी एमआयडीसीत एका जॉबवर्कवाल्या कंपनीत 11 वर्षं व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) आहे, आधी ऑपरेटर मग सेटर (नवीन कामासाठी मशीन लावून देणारा), आणि एप्रिलपासून शिफ्ट सुपरवायझर केलंय. हाताखाली 9 जण, त्यातली 3 पोरं आयटीआयची अप्रेंटिस. मशीनचं सगळं येतं हो, माणसांचं काही येत नाही. नवीन जॉब (बनवायचा पार्ट) लागला की पोरगं व्हाइसला, म्हणजे जॉब पकडायच्या शिकंजाला, डायल मारत बसतं, म्हणजे तो सरळ बसलाय का ते सुईच्या मापकाने बघत बसतं, 20 मिनिटं झाली तरी सुई इकडून तिकडे, मग मला राहवत नाही, म्हणतो सरक बाजूला आणि 5 मिनिटांत लावून देतो. तो खूश, मीपण खूश. फक्त मी रजेवर गेलो की शिफ्ट झोपते.

मॅनेजर म्हणतात कम्फर्ट झोनमधनं बाहेर ये. एचआरने लोणावळ्याला दोन दिवस ट्रेनिंगला पाठवलं, तिथे दोरीवरनं चालवलं, डोळे बांधून एकमेकांच्या अंगावर पडायला लावलं. पडलो. सोमवारी आलो तर व्हाइस तसाच वाकडा. मग बाहेर यायचं म्हणजे नक्की कुठे यायचं? आणि सकाळच्या मीटिंगमध्ये बोलायचं म्हणलं की घाम फुटतो, तेही आहेच.

नारायणपेठी_निवृत्त
दोरीवरनं चालून लीडर होता आलं असतं तर सगळ्या कंपन्या सर्कसवाल्यांनी चालवल्या असत्या. असो. मी मानसशास्त्र शिकवून रिटायर झालोय, त्यामुळे थोडं पकवणार.

'थोडा ताण चांगला, फार ताण वाईट' असा उपड्या वाटीसारखा ग्राफ ट्रेनिंगमध्ये दाखवतात, तो ज्या प्रयोगाच्या नावावर खपवतात तो 1908 सालचा, यर्क्स आणि डॉडसन या दोघांचा, आणि तो माणसांवर नाही, उंदरांवर. काळी पेटी आणि पांढरी पेटी, चुकीच्या पेटीत शिरला की विजेचा झटका. दोन पेट्यांतला फरक ठळक होता तेव्हा झटका जितका जोरात तितकं उंदीर लवकर शिकायचा. पण फरक बारीक केला की जोराच्या झटक्याने शिकणं उलट लांबायचं, मध्यमच बरा पडायचा.

आता तुमच्याकडे बघा. डायल मारणं हे बारीक काम, आणि 11 वर्षं मुरलेला सेटर डोक्यावर उभा राहून घड्याळ बघतोय. पोराला झटका कोण देतंय? तुम्हीच. दहा फूट लांब जाऊन उभे राहा, फुकटचा उपाय आहे.

ताशावाली
दादा, तुमचं वाचून हसूच आलं कारण सेम टु सेम माझी गोष्ट. 8 वर्षं पथकात ताशा वाजवला, मग मला सरावाची जबाबदारी दिली. गणपतीच्या आधी दोन महिने रोज संध्याकाळी नदीकाठी सराव असतो, आणि मी काय करायचे, नवीन पोरीचा हात चुकला की तिच्या गळ्यातला ताशा काढून स्वतः वाजवून दाखवायचे. वाटायचं शिकवतेय. खरं म्हणजे मला वाजवायचं असायचं!

विसर्जनाला लक्ष्मी रोडवर डोळे उघडले. मी ताशांच्या रांगेत रंगात आलेली आणि मागे ढोलांची शेवटची ओळ अर्धा ठोका मागे पडलेली, पुढे वाजवणाऱ्याला ते ऐकूच येत नाही ना. अलका चौकात पोचेपर्यंत पार विस्कटलं. पुढच्या वर्षी ताशा घरी ठेवून गेले, गळ्यात फक्त शिट्टी. इतकं उघडं वाटलं ना मला, हात कुठे ठेवू तेच कळेना, बोटं मांडीवर आपोआप वाजत होती. पण पहिल्यांदा सगळं पथक दिसलं, कोण दमलंय, कुणाचा पट्टा खांद्याला काचतोय, कुणाला पाणी हवंय.

तुम्हाला स्टेज-बिजची भीती असेल नसेल, पण तुमचा कम्फर्ट झोन म्हणजे ती व्हीएमसीच आहे असं मला वाटतं. जे उत्तम येतं ते न करता उभं राहणं, ते जास्त अवघड.

कोथरूड_सोसायटी
मीटिंगच्या घामाचं मी सांगतो. आमच्या 64 फ्लॅटच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी, म्हणजे कुणी तयार नव्हतं म्हणून. 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावीच लागते, पहिल्या सभेत गच्चीच्या गळतीवरून लोकांनी मला सोलून काढला. तिथे कुणाचं अप्रेझल तुमच्या हातात नसतं, सगळे तुमच्यापेक्षा हुशार, त्यात निम्मे पेन्शनर (नारायणपेठी काका, राग मानू नका). तेव्हापासून भाषण करत नाही. उभं राहायचं, एक आकडा सांगायचा, एक प्रश्न विचारायचा, खाली बसायचं. तुम्ही काल रिजेक्शन किती तेवढंच सांगा. सवय झाली की बाकीचं सुचतं.

मगरपट्टा_आयटी
टोस्टमास्टर्स बघा, पुण्यात भरपूर क्लब आहेत. 1924 साली अमेरिकेत सुरू झालेला प्रकार. आयत्या वेळी विषय देतात आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं, शिवाय तुम्ही किती वेळा 'अं अं' केलंत ते मोजायला एक माणूस बसवलेला असतो. पहिल्यांदा मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण बोलण्यापुरतंच हां, हात मशीनवरनं सोडवायला ताशावाली ताईंचंच ऐका.

भोसरीचा_सेटर
सगळ्यांना धन्यवाद, ताई तुमचं तर बायकोलापण वाचून दाखवलं, ती म्हणाली स्वयंपाकघरातपण तू असाच करतोस.

काल नवीन जॉब होता. पोराला म्हणलं तू लाव, मी कँटीनला आहे, अडलास तर ये. दोन चहा झाले, आला नाही. काचेतनं बघत होतो, पाय नुसते थयथय करत होते. 50 मिनिटं लागली त्याला, फर्स्ट पीस 40 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) मापाबाहेर, क्वालिटीवाला माझ्यावरच चढला. पोराने मग स्वतःच व्हाइस उचलून बघितला तर खाली बारीकशी बर (धातूची कपची) अडकलेली. मी असतो तर मॅलेटने ठोकून डायल जुळवून मोकळा झालो असतो, खाली बघितलंच नसतं बहुतेक. दुसरा पीस ओके.

मॅनेजरने विचारलं उशीर का, मी म्हणलं शिकणं चाललं होतं. काही बोलले नाहीत. मीटिंगचं अजून राहिलंय, उद्या आकडा चिठ्ठीवर लिहून नेतो.