शब्दचर्चा: एसएआर, ‘विशिष्ट शोषण दर’ आणि फोनचं ‘प्रारण’

जिज्ञासू: मोबाइलच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करायचं आहे. त्यातला एसएआर (स्पेसिफिक ॲब्सॉर्प्शन रेट) म्हणजे फोनच्या लहरींची ऊर्जा शरीर किती वेगाने शोषतं तो आकडा; त्याला ‘विशिष्ट शोषण दर’ हा प्रतिशब्द मिळाला. यातलं ‘विशिष्ट’ काय सांगतं? आणि रेडिएशनला ‘किरणोत्सर्ग’ चालेल का?

तरंगलांबी: किरणोत्सर्ग नको. तो युरेनियम-रेडियमच्या घराण्यातला शब्द, वाचणारा उगाच धसका घेईल. ‘प्रारण’ लिहा. फोनच्या लहरींत अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा नसते. त्या शरीरातलं ऊतक (टिश्यू) तापवतात, आणि मर्यादाही त्या तापण्यावरूनच ठरल्या आहेत. ‘विशिष्ट’ हा ‘विशिष्ट उष्मा’मधलाच (स्पेसिफिक हीट), म्हणजे प्रति एकक वस्तुमान. म्हणून एकक वॅट प्रति किलो. आणि हा दर आहे, एकूण मात्रा (डोस) नाही. तासभर बोललं म्हणून आकडा चढत नाही.

मोजपट्टी: भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून एसएआरची मर्यादा १.६ वॅट प्रति किलो, सरासरी १ ग्रॅम ऊतकावर. त्याआधी २ होती, १० ग्रॅमवर. युरोपात डोकं आणि धडासाठी आजही तीच आहे. नुसते १.६ आणि २ शेजारी ठेवून फरक थोडाच म्हणू नका. १० ग्रॅमवर सरासरी काढली की एका ठिपक्यातलं जास्तीचं शोषण आजूबाजूच्या ऊतकात पसरून कमी दिसतं. पुस्तिकेत ग्रॅम गाळले तर आकडा निरर्थक.

जिज्ञासू: मूळ इंग्रजी मजकुरात ‘लिंब’ची (limb) वेगळी मर्यादा आहे, ४. तिथे ‘अंग’ लिहू?

मोजपट्टी: नको! मराठीत अंग म्हणजे सगळं शरीर. ‘हातपाय’ लिहा. सप्टेंबर २०२३मध्ये फ्रान्सने आयफोन १२ची विक्री थांबवली ती याच मर्यादेवरून. फोन शरीराला टेकवून हातपायांसाठी मोजला तेव्हा ५.७४ आलं. तोच फोन ५ मिमी अंतरावर, धडासाठीच्या चाचणीत पास होता. फोन टेबलावर ठेवलाय असं जाणवलं की तो प्रक्षेपणशक्ती वाढवत होता. ॲपलने फ्रान्ससाठी सॉफ्टवेअर बदललं.

तरंगलांबी: म्हणून ‘सेपरेशन डिस्टन्स’चं भाषांतर जपून करा. ‘सुरक्षित अंतर’ साफ चूक. ते चाचणीचं अंतर आहे. ‘शरीरापासून ५ मिमी अंतरावर मोजलेले’ असं सरळ लिहा. काही फोनना १० किंवा १५ मिमी असतं, मूळ पाहून घ्या. \*#०७# डायल केलं की बहुतेक फोनवर डोक्याचा आणि शरीराचा आकडा दिसतो. तो कमाल शक्तीवरचा असतो, त्यामुळे ०.८चा फोन १.६च्या फोनपेक्षा रोजच्या वापरात निम्मं प्रारण देतो असं नाही.

मोजपट्टी: रोजच्या वापरात रेंज जास्त महत्त्वाची. लिफ्टमध्ये, तळघरात, घाटात एकच कांडी असली की फोन शक्ती चढवतो. २जीवर ९०० मेगाहर्ट्‌झला शिखरशक्ती २ वॅटपर्यंत जाते; ४जीवर साधारण ०.२ वॅट. अशा जागी बोलणं आटोपतं घ्या किंवा स्पीकर लावा. धातूची पट्टी किंवा चुंबक असलेलं कव्हर ॲन्टेनाचा सूर बिघडवतं, मग फोन आणखी जोर लावतो. पुस्तिकेत कव्हरचं वाक्य असेल तर ‘धातू’ हा शब्द गाळू नका.

जिज्ञासू: ‘बॉडी-वॉर्न’?

तरंगलांबी: ‘अंगावर बाळगताना’. ‘परिधान’ नको, फोन काय नेसतात का!