मदत हवी आहे: अल्काँच्या व्हेरिएशन्सचं रेकॉर्डिंग, टेक जोडताना अडचण

फ्रेंच संगीतकार शार्ल-व्हालांताँ अल्काँच्या 'ल फेस्तँ देझोप' (ओपस 39, क्र. 12, 1857) या पियानोरचनेचं रेकॉर्डिंग चालू आहे. आठ बारची थीम (मूळ धून), त्यावर 25 व्हेरिएशन्स (त्याच धुनेची बदललेली रूपं). एवढी ताकदीची रचना इतकी कमी वाजवली जाते, म्हणून नीटच व्हायला हवी.

दोन ऑम्नी (सगळ्या दिशांचा आवाज टिपणारे) माइक, एकमेकांपासून 50 सें.मी., पियानोपासून 2 मीटर, 24 बिट.

नवा टेक (त्याच भागाचं पुन्हा केलेलं रेकॉर्डिंग) व्हेरिएशनच्या पहिल्या सुरापासून घेतला की आधीच्या पेडलची आस (रेंगाळणारा नाद) त्यात नसते, जोड लगेच कानाला लागतो. चार बार आधीपासून वाजवलं तर आस मिळते, पण लय किंचित सरकते. शिवाय जोरकस भागानंतर वरच्या सप्तकात एकेका सुराच्या तिन्ही तारा आपसात बेसूर होतात, मग जुना टेक नव्याशी जुळत नाही.

ट्यूनर (पियानोचे सूर लावणारा) पूर्ण वेळ हाताशी ठेवावा, की जोरकस व्हेरिएशन्स शेवटी घ्यावीत?