अर्थाच्या आलेखातून मराठी वाक्य: नियम कसे लिहावेत?

चकोर७:
प्रोजेक्टसाठी छोटी प्रणाली करतोय. आत 'क्रिया खाणे, कर्ता राम, कर्म आंबा' असा आलेख, बाहेर मराठी वाक्य. पुढे उलट दिशाही हवी, म्हणजे वाक्यातून आलेख. अर्थ आलेखात मांडायला एएमआर (अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मीनिंग रिप्रेझेंटेशन) घेऊ, यूएनएल (युनिव्हर्सल नेटवर्किंग लँग्वेज) की आणखी काही? नियमच लिहायचे, मोठं एआय भाषा-मॉडेल नाही, अशी गाइडची अट आहे.

निंबोणी:
एएमआर नको. त्यात काळ नोंदवत नाहीत. 'खातो' आणि 'खाल्ला' दोघांचा आलेख एकच. मराठीत काळ बदलला की अख्खी बांधणी बदलते, मग नियम लावणार कशावर? यूएनएलमध्ये क्रियेवर भूतकाळाची खूण असते. १९९६ साली टोकियोच्या संयुक्त राष्ट्र विद्यापीठात तो प्रकल्प सुरू झाला. आयआयटी मुंबईत त्यावर हिंदी-मराठीसाठी काम झालंय, ते पेपर आधी वाच.

जुना_मास्तर:
शाळेतले प्रयोग आठवा, निम्मे नियम तिथेच आहेत. 'राम आंबा खातो' कर्तरी. 'रामाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली' कर्मणी. कर्माला 'ला' लागला की 'रामाने रावणाला मारले', भावे. क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी.
पण 'सकर्मक आणि भूतकाळ, म्हणून ने' एवढ्यावर थांबलात तर 'तिने पुस्तक विसरले' छापून येईल, हवं 'ती पुस्तक विसरली'. विसरणे, शिकणे, बोलणे, म्हणणे यांना प्रणालीच्या शब्दकोशातच वेगळी खूण करा. मी-तूला 'ने' नाही, तरी 'मी पोळी खाल्ली' कर्माप्रमाणेच चालतं. आवडणे तर वेगळंच: 'मला आंबा आवडतो'.

चकोर७:
बाप रे. आणि सामान्यरूपं? घर-घरात, शाळा-शाळेत, भाऊ-भावाला?

निंबोणी:
ती वाक्याच्या नियमांत घुसवू नकोस. नामाचा वर्ग कोशात, रूपं वेगळ्या तक्त्यात.

तर्कट:
उलट दिशा खरंच हवी असेल तर ग्रॅमॅटिकल फ्रेमवर्क बघ, आर्ने रांता यांचं. व्याकरणं लिहायची प्रोग्रामिंग भाषा आहे ती. अर्थाची रचना एक, भाषेची वेगळी, आणि त्याच व्याकरणातून वाक्य बनतं नि उलगडतंही. हिंदीचं व्याकरण त्यात तयार आहे, त्यावरून कल्पना येईल.

चकोर७:
म्हणजे उलटं फुकटात?

तर्कट:
फुकट कुठलं! 'रामाने चाकूने आंबा कापला' यात दोन 'ने'. कर्ता कोण हे ठरवायला नामांवर सजीव-निर्जीव खूण लागेल. नाहीतर ग्रॅमॅटिकल फ्रेमवर्क दोन्ही अर्थांची झाडं (वाक्यरचनेच्या आकृत्या) तुझ्या हातात ठेवेल.